आठवड्याचा बाजार आणि गावची वाजंत्री

आठवड्याचा बाजार हा ग्रामीण व्यवहाराचा कणा आहे. ज्या वारी बाजार भरतो त्या वारी पंचक्रोशीतील माणूस घराबाहेर पडतो. भाजीपाला, धान्य, कोंबडी-अंडी, मीठ-मिरची, दोर-दावी यांची देवघेव होते. त्याचबरोबर पावसापाण्याची वार्ता कळते, सोयरिकीचे बोलणे निघते, जनावराच्या दुखण्यावरचा इलाज विचारला जातो. बाजार म्हणजे केवळ खरेदी-विक्रीची जागा नव्हे. तो आठवड्यातून एकदा भरणारा लोकांचा मेळावा आहे. मेळावा म्हटला की वाद्याचा आवाज ओघानेच येतो. म्हणूनच शेतकऱ्यांच्या बाजारात गावच्या वादकांना स्थान असावे की नसावे, आणि असल्यास ते कोणत्या रीतीने असावे, हा प्रश्न वरकरणी करमणुकीचा वाटला तरी शेतमालाच्या विक्रीशी व ग्रामीण कलावंताच्या पोटापाण्याशी निगडित आहे. त्याचा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी गंभीरपणे करणे अगत्याचे आहे.

वादकांना बाजारात जागा, ठरलेली वेळ व ठरलेली बिदागी द्यावी, हे मत येथे मांडावयाचे आहे. मात्र त्यासोबत काही पथ्ये पाळली गेली नाहीत तर लाभापेक्षा हानीच अधिक होईल, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

जुने नाते

बाजार आणि वाद्य यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. सातपुड्यातील उदाहरण पाहावे. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरात आणि जळगाव जिल्ह्याच्या चोपडा-यावल भागातील डोंगरपट्ट्यात होळीपूर्वीच्या आठवड्यात जे आठवडे बाजार भरतात त्यांना भोंगऱ्या बाजार म्हणतात. पाड्यापाड्यांवरून आदिवासी मंडळी आपापले मोठे ढोल व बासऱ्या घेऊन उतरतात. होळीसाठी लागणारे डाळ्या, गूळ, साखरेचे हार-कंगन यांची खरेदी होते आणि ढोलाच्या ठेक्यावर तरुण-म्हातारे सारेच फेर धरतात. या बाजाराविषयी बाहेरच्या लोकांनी लग्न जुळविण्याच्या नाना कथा पसरविल्या आहेत. त्या तेथील जाणत्या मंडळींना मान्य नाहीत. हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे, आणि त्यात वाजणारा ढोल कोणी भाड्याने आणलेला नसतो. तो त्या त्या पाड्याचा असतो. बाजाराला आलेला माणूसच तेथे वादक असतो आणि तोच गिऱ्हाईकही असतो. या बाजाराची शोभा बाहेरून आणलेली नाही, म्हणूनच ती टिकून आहे.

दुसरे उदाहरण नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगावचे. मार्गशीर्षात तेथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, बैल, गाढवे यांची खरेदी-विक्री, कृषी व पशुप्रदर्शन, कुस्त्या आणि लोककलांचे फड ही सारी एकाच माळावर नांदतात. जिल्हा परिषदही त्यात भाग घेते. बैल पाहावयास आलेला शेतकरी सुधारित औजारही पाहतो आणि रात्री ढोलकी ऐकतो. विस्तारकार्याच्या दृष्टीने असा मेळ दुर्मीळच म्हणावा लागेल.

तिसरे उदाहरण पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावचे. हे गाव टोमॅटोच्या बाजारासाठी जसे प्रसिद्ध आहे तसेच तमाशासाठीही. पाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड तेथे राहुट्या ठोकतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी देण्यास येतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या नावाने या गावाची कीर्ती महाराष्ट्रभर झाली. ज्या गावी टोमॅटोचा भाव ठरतो त्याच गावी ढोलकीच्या फडाची बिदागीही ठरते. शेतमाल आणि कला ही दोन्ही त्याच मातीतून वर आलेली आहेत आणि दोहोंना बाजार लागतो, हे यावरून ध्यानी यावे.

वाद्यांचे शेतीशी असलेले नाते तर याहूनही जवळचे आहे. पालघर-डहाणूकडील वारली बांधवांचा तारपा वाळलेल्या भोपळ्यापासून बनतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्यांसाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरकडील शेतकरी पिकवितात. हलगीला कातडे गुराढोरांचे, बासरीला वेळू रानातला. शेतकऱ्याने वाद्याला परके मानावे असे काहीच कारण नाही.

आज बाजारात काय ऐकू येते

आजच्या बाजाराचा कान वेगळा झाला आहे. टेम्पोवर, हातगाडीवर, पालांवर बॅटरीचे भोंगे बांधलेले असतात. एकदा मुद्रित केलेली तीच ती हाळी दिवसभर अखंड वाजत राहते. एकाचा भोंगा ऐकू येईना म्हणून दुसरा आपला आवाज वाढवितो. दुसऱ्याला मागे सारण्यासाठी तिसरा. अखेर कोणाचेच काही ऐकू येत नाही. कांद्याचा भाव विचारणाऱ्या बाईला तो तीनदा विचारावा लागतो, आणि टोपलीमागे बसलेल्या म्हातारीला, जिच्यापाशी भोंगा नाही, तिला तर गिऱ्हाईक ओळखीचे असेल तरच थांबते.

भोंग्याचा हा गोंगाट संगीत नव्हे आणि जाहिरातही नव्हे. ज्याच्यापाशी भांडवल अधिक त्याचा आवाज मोठा, असा तो प्रकार आहे. लहान शेतकऱ्याची त्यात सरळ हानी होते. याउलट, बाजाराच्या एका कडेला बसून वाजविणारा सनईवाला किंवा एकतारीवर गाणारा भजनी साऱ्या बाजारासाठी वाजवितो. त्याचा सूर एका पालाचा नसतो. म्हणून बाजारात वाद्य असावे असे म्हणताना पहिली अट हीच की त्या वेळात खाजगी भोंगे बंद राहावेत. भोंगे चालू ठेवून त्यांत वाद्यांची भर घालणे म्हणजे जखमेवर तिखट टाकणे होय.

शेतकऱ्याला लाभ कोणता

१९६३ च्या बाजार समिती कायद्याखालील नियमनातून फळे व भाजीपाला २०१६ साली वगळण्यात आल्यापासून शेतकऱ्याने थेट ग्राहकाला माल विकण्याचा मार्ग अधिक मोकळा झाला. त्याच वर्षी राज्याच्या कृषी पणन मंडळाने अरणच्या संत सावता माळ्यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान हाती घेतले आणि पुण्या-मुंबईसारख्या शहरांत ठरलेल्या वारी शेतकऱ्यांचे गट माल घेऊन बसू लागले. ज्या संताने मळ्यातील कामातच देव पाहिला त्याचे नाव या बाजारांना शोभणारेच आहे.

परंतु थेट विक्रीत शेतकऱ्यापुढे एक नवी अडचण उभी राहते. अडत्याकडे माल टाकला की त्याचे काम संपत असे. भाव कमी मिळो, अधिक मिळो, दुपारी तो घरी परतत असे. आता गिऱ्हाईकाची वाट त्यालाच पाहावी लागते. मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू हा माल वाट पाहत नाही. सकाळी ताठ असलेली जुडी दुपारी मान टाकते आणि संध्याकाळी पडेल भावाने द्यावी लागते, नाहीतर परतताना गुरांपुढे टाकावी लागते. म्हणजे थेट विक्रीचे यश भावावर जितके अवलंबून आहे तितकेच ते गिऱ्हाईक वेळेवर, ठरलेल्या दिवशी, न चुकता येण्यावर अवलंबून आहे.

येथे वाद्याचा उपयोग होतो. शहरातील ग्राहकाच्या दारी रोज गाडी येते. त्याने नेमक्या वारी बाजाराला यावे यासाठी त्या वाराची त्याला आठवण राहिली पाहिजे. ठरलेल्या वेळी संबळ-सनई सुरू झाली की बाजार लागल्याची वर्दी आपोआप पोचते. मुले हात धरून आईबापांना ओढून आणतात. आलेला माणूस पिशवी भरून लगेच न परतता घटकाभर रेंगाळतो, आणि रेंगाळलेला माणूस एका पालावरून दुसऱ्या पालावर जातो. कॅलिफोर्नियातील डेव्हिस या गावी १९७६ पासून शेतकरी बाजार भरतो. तेथे उन्हाळ्यात बुधवारी सायंकाळी स्थानिक वादकांचे ताफे वाजवितात आणि लोक मुलाबाळांसह हिरवळीवर बसून जेवतात. शेतकीच्या विद्यापीठासाठी नावाजलेल्या गावाने बाजाराला मेळाव्याचे रूप द्यावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. अर्थात त्यांचा साज आपण उचलावा असे नव्हे. आपल्याकडे भोंगऱ्याचा ढोल आधीपासूनच आहे.

तथापि एक भ्रम बाळगू नये. वाद्याने खराब माल खपत नाही. माप खोटे असेल, वरती टपोरी आणि तळाशी किडकी वांगी भरली असतील, तर सनई कितीही गोड वाजो, गिऱ्हाईक दुसऱ्या आठवड्यात येणार नाही. स्वच्छ धुतलेली भाजी, प्रतवारी, खरे वजन, सावली, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांची सोय आधी व्हावी. ती झाली नसता वादकांना बोलावणे म्हणजे भिंत न बांधता तोरण लावण्यासारखे आहे.

लाभ होतो की नाही हे नुसत्या चर्चेने ठरवू नये. नव्या बियाण्याची परीक्षा आपण कशी करतो? एका वाफ्यात नवे बी, शेजारच्या वाफ्यात जुने, आणि मशागत सारखी. तोच न्याय येथे लावावा. एका महिन्यात दोन बाजार वाद्यांसह भरवावेत, दोन वाद्यांविना. सण, पगाराचे दिवस आणि पाऊस यांचा फरक ध्यानात घेऊन वार निवडावेत. प्रत्येक बाजारी किती गिऱ्हाईक आले, दहा-बारा ठराविक विक्रेत्यांनी किती माल आणला आणि किती शिल्लक राहिला, याची वहीत नोंद करावी. तीन-चार महिन्यांच्या नोंदीवरून गावाला स्वतःच निर्णय घेता येईल. जो निर्णय वहीवरून होतो तो भांडणावाचून पाळला जातो.

वादकाला लाभ कोणता

या प्रश्नाची दुसरी बाजू वादकाची आहे, आणि ती शेतकऱ्याच्या बाजूइतकीच महत्त्वाची आहे. सनई, संबळ, हलगी, ताशा वाजविणारा माणूस प्रामुख्याने लग्नसराई आणि चैत्र-वैशाखातील जत्रा यांवर जगतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात. गणपती-नवरात्राचे दिवस सोडले तर हे चार महिने त्याच्या घरी चूल पेटविणे कठीण होते. त्याला मजुरीस जावे लागते किंवा वाद्य गहाण टाकावे लागते. २०२० व २०२१ साली साथीमुळे जत्रा आणि मोठी लग्ने बंद पडली, तेव्हा या मंडळींचे किती हाल झाले हे गावोगावी सर्वांनी पाहिले आहे. नेमक्या याच पावसाळी महिन्यांत भाजीपाला भरपूर असतो, श्रावणात त्याला मागणीही चढती असते, आणि बाजार तर बारमाही भरतो. दर आठवड्यास ठरलेली थोडी का होईना पण खात्रीची बिदागी मिळाली तर वादकाला तो मोठाच आधार होईल. ज्याच्या हाती वर्षभर वाद्य राहते त्याचा मुलगाही ते शिकतो. वाद्य खुंटीला टांगले गेले की एका पिढीत कला नाहीशी होते.

परंतु येथे एक गोष्ट अत्यंत जपून करावयाची आहे. जुन्या गावगाड्यात वाजविणे हा पुष्कळदा कलेचा नव्हे तर जातीचा व्यवहार होता. गावकीच्या सणाला, पाटलाच्या लग्नाला, पोळ्याच्या मिरवणुकीला अमक्या जातीच्या माणसाने वाजवावेच असा दंडक होता. मोबदला म्हणून सुगीला पसाभर धान्य, उरलेसुरले अन्न आणि उभे राहण्यास वेशीबाहेरची जागा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडून या वेठीच्या मुळावर बोट ठेवले. पुढे १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने नाहीशी झाली. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बिगारीस बंदी घातली. अनेक कुटुंबांनी स्वाभिमानाखातर वाद्य खाली ठेवले. ते योग्यच केले.

म्हणून बाजारात वाजविण्याचे निमंत्रण जात पाहून देऊ नये. “तुमच्या घराण्याचे हे कामच आहे” अशी भाषा कोणीही वापरू नये. ज्याला वाजविता येते आणि ज्याची इच्छा आहे त्याने यावे. मग तो हलगीवाला असो, गोंधळी असो, बँडपथकातील क्लॅरिनेटवाला असो, शाळेचे लेझीम पथक असो की महिलांचे भजनी मंडळ असो. ज्याने नकार दिला त्याच्यावर गावाने रोष धरू नये. बिदागी आधी ठरवावी, ती सर्व कलावंतांना सारख्या न्यायाने लागू करावी आणि वाजविणे संपताच रोख किंवा बँक खात्यात द्यावी. “पुढच्या बाजारी पाहू” हे शब्द वापरले जाऊ नयेत. धान्य, भाजी किंवा जेवण हे बिदागीच्या वर आपुलकीने द्यावे. बिदागीच्या ऐवजी देऊ नये. वादकांना बसण्यास सतरंजी, डोक्यावर सावली आणि पिण्यास तेच पाणी जे इतरांना. फेकलेल्या नोटा उचलावयास लावणे ही कलेची अवहेलना आहे. तिला बाजारात मुळीच थारा देऊ नये. जो शेतकरी आपल्या घामाचा भाव मागतो त्याने दुसऱ्याच्या घामाचा भाव पाडू नये, हा या साऱ्यातील सार आहे.

जागा, वेळ आणि आवाज

बाजारातील वाद्य ऐकू यावे, पण त्याच्यामुळे भावाचे बोलणे बुडू नये. ही मर्यादा वाद्यागणिक वेगळी आहे. शेकोटीवर तापवून ताणलेली हलगी व ताशा यांचा आवाज दूरवर जातो. त्यांची जागा बाजाराच्या तोंडाशी, आणि वेळ सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे. बाजार लागल्याची वर्दी देण्यास ती उत्तम. पूर्वी दवंडीही अशीच पिटली जात असे. मोठे ढोल-ताशा पथक रोजच्या भाजीबाजाराला मानवत नाही. ते वर्षातील एखाद्या खास दिवसापुरते ठेवावे. सनई-संबळ मैदानाच्या कडेला, पालांपासून थोडी दूर बसवावी. एकतारी, दिमडी, तुणतुणे-ढोलकी यांचे गायन जेथे लोक बसून खातात-पितात तेथे असावे. जनावरांच्या बाजाराजवळ मात्र कोणतेही मोठे वाद्य नको. बिथरलेले खोंड दावे तोडते आणि अपघात होतो.

ध्वनिक्षेपक शक्यतो टाळावा. एका बाजाराच्या मैदानाला उघड्या वाद्याचा आवाज पुरेसा होतो. ध्वनिक्षेपक लावावयाचाच असेल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. या नियमांनी दिवसा व्यापारी भागात ६५ डेसिबल आणि वस्तीच्या भागात ५५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरांपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि अशा क्षेत्रात ढोल बडविणे हाही गुन्हा ठरतो. पुष्कळ गावांत बाजाराचे पटांगण शाळेला लागूनच असते. तेथे शाळा सुटल्यावरच वाद्य सुरू करावे. मुलांचा अभ्यास मोडून बाजार सजविणे कोणालाही मान्य होणार नाही.

वाजविण्याचे तासही मोजके असावेत. सलग चार तास वाजविणे वादकालाही झेपत नाही आणि विक्रेत्यालाही सोसत नाही. वीस-पंचवीस मिनिटे वादन, मग तितकीच विश्रांती, असा क्रम ठेवावा. विश्रांतीच्या वेळी त्या दिवसाचे बाजारभाव मोठ्याने वाचून दाखवावेत. हरवलेले मूल, सापडलेली पिशवी यांची सूचना द्यावी. एक फेरी बाजार उठण्याच्या आधीच्या तासाला अवश्य ठेवावी, कारण उरलेला माल खपण्याची ती शेवटची संधी असते.

गाण्यांच्या निवडीविषयीही दोन शब्द. बाजारात विकावयास बसणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. त्यांना मान खाली घालावी लागेल अशी गाणी आणि दारू पिऊन नाचणाऱ्यांचा घोळका या दोहोंना अटकाव नसेल तर त्या दुसऱ्या बाजारी येणार नाहीत, आणि त्यांच्यावाचून बाजार कसला? शिवाय सिनेमाची गाणी जाहीरपणे वाजविताना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवान्याचा प्रश्न येऊ शकतो. गोंधळ, भारूड, गवळण, ओवी यांच्या परंपरागत चाली मात्र कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या साऱ्यांच्या आहेत. ज्या चाली गावच्या आहेत त्यांनाच गावच्या बाजारी पहिला मान असावा, हे सर्वच दृष्टींनी सोयीचे आहे.

खर्च कोणी सोसावा

खर्चाचा प्रश्न निघताच सरकारी अनुदानाकडे डोळे लागतात. तसे होऊ नये. अनुदान थांबले की वाद्य थांबते. खर्च लहान आहे आणि ज्यांना लाभ होतो त्यांनीच तो वाटून घेतला तर तो जाणवतही नाही. समजा एका बाजारात ८० विक्रेते बसतात आणि प्रत्येकाने २० रुपये दिले, तर १,६०० रुपये जमतात. चार वादकांना दोन तासांसाठी प्रत्येकी ४०० रुपये त्यातून देता येतील. विक्रेत्याच्या वाट्याला आलेला खर्च हा मेथीच्या एक-दोन जुड्यांच्या किमतीइतका. ज्या जुड्या एरवी परत न्याव्या लागल्या असत्या किंवा टाकून द्याव्या लागल्या असत्या, त्यांपैकी दोन-तीन जरी खपल्या तरी तो भरून निघतो. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी आहेत. प्रत्येक गावाने आपला हिशेब आपल्या दराने मांडावा.

ग्रामपंचायतीस १९५८ च्या कायद्याने बाजारावर फी आकारण्याचा अधिकार आहे. त्या उत्पन्नातील काही भाग बाजाराच्या सोयींसाठी खर्च व्हावा ही विक्रेत्यांची मागणी रास्त असते; सावली व पाणी झाल्यानंतर वादकांच्या बिदागीस त्यातून काही रक्कम ठेवता येईल. तसा ठराव ग्रामसभेत मांडून मंजूर करून घ्यावा. ज्या विक्रेत्याला हा खर्च मान्य नाही त्याचेही म्हणणे सभेत ऐकले जावे. सक्तीची वर्गणी हे भांडणाचे बी आहे. टोपलीभर भाजी घेऊन येणाऱ्या वृद्धांना यातून वगळावे हे बरे. जमाखर्चाचा कागद दरमहा बाजाराच्या फळ्यावर लावला म्हणजे संशयाला जागा राहत नाही.

प्रचाराचा मोह

कार्यकर्त्यांच्या बाबतीत एका मोहाची सूचना देणे जरूर आहे. वादक बसले, लोक जमले, की त्यांच्या तोंडी ताबडतोब खतांची, विम्याची व योजनांची गाणी घालावीत असे वाटू लागते. गाण्यातून विचार पोचतो हे निर्विवाद आहे. सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी ते सिद्ध केले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या कलापथकाने १९४४ पासून ते गाजवून दाखविले. केंद्र सरकारनेही १९५४ साली गीत व नाट्य विभाग काढून हाच मार्ग अनुसरला होता. परंतु त्या शाहिरांच्या गाण्याला धार होती ती त्यांच्या अंतरीच्या तळमळीमुळे. परिपत्रकाला चाल लावली म्हणजे पोवाडा होत नाही. लोकांना ते तत्काळ कळते. ते हसतात आणि पांगतात, आणि वादकाची पतही जाते.

म्हणून प्रमाण सांभाळावे. दोन तासांत एखादी माहितीची गोष्ट, तीही त्या आठवड्याची नड पाहून सांगावी: उसावर हुमणी दिसू लागली आहे काय, जनावरांच्या लसीकरणाचा दिवस कोणता, बियाणे खरेदी करताना पावती का घ्यावी. ती शाहिराच्या स्वतःच्या शब्दांत यावी, किंवा कार्यकर्त्याने स्वतः उभे राहून साध्या बोलीत सांगावी. गाणे ऐकून सुखावलेल्या माणसाच्या मनात तेवढे पुष्कळ रुजते.

आक्षेपांचा विचार

काही जाणते शेतकरी म्हणतील, “माल विकावयास गेलो की तमाशा पाहावयास?” हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. शेतकऱ्याचा वेळ मोलाचा आहे, आणि बाजारात करमणुकीच्या नावाखाली जुगार, दारू व पाकीटमारी शिरल्याची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु हे दोष वाद्याचे नव्हेत, दुर्लक्षाचे आहेत. बाजार समितीत दोन विक्रेते, दोन स्त्रिया, एक वादक आणि ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असे मंडळ नेमून देखरेख ठेवली तर ते आटोक्यात राहतात. जेथे अशी देखरेख होणे शक्य नाही तेथे वाद्याचा विचार तूर्त बाजूला ठेवणेच शहाणपणाचे ठरेल.

दुसरा आक्षेप असा की लोक आता मोबाईलवर हवे ते ऐकतात. हलगी-सनई ऐकण्यास कोण थांबणार? याला उत्तर असे की मोबाईलवरील गाणे जगात कोठेही तेच असते, पण चोपड्याच्या डोंगरातील ढोल त्या डोंगरातच तसा वाजतो. शेतकरी बाजारात येणारा शहरी ग्राहक तरी कशासाठी येतो? भाजी त्याला दुकानातही मिळते. ती कोणी पिकविली, कोणत्या शिवारात पिकविली, हे समोर पाहावे यासाठी तो येतो. ज्या शिवारातून जुडी आली त्याच शिवारातून सूरही आला, तर त्या जुडीची ओळख अधिक पक्की होते.

हे सारे एकदम घडून यावे असा आग्रह नाही. एखाद्या गावाने येत्या श्रावणात एक बाजार निवडावा, भोंगे बंद करावेत, दोन-चार वादकांना मानाने बोलवावे, हिशेब उघडा ठेवावा आणि वहीत नोंद करावी. लाभ दिसला तर पुढे चालू ठेवावे. न दिसला तर थांबवावे. शेतीत आपण याहून मोठी जोखीम दर मृगाला पत्करतो. ज्या बाजारात पिकविणाऱ्याला भाव आणि वाजविणाऱ्याला मान मिळतो तो बाजार गावाला आणि गिऱ्हाईकाला दोघांनाही आपला वाटतो, आणि आपला वाटलेला बाजार सहसा ओस पडत नाही.